खोबऱ्या कोणाचं ऐकत नाही

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबावं लागणार नाही. कुत्र्याचं पिल्लू कसं निवडावं यावर मी एके काळी अख्ख्या देवबागला सल्ले देत होते. आता कोणी विषय काढला की मी चहा टाकायला आत जाते. का, ते ऐका.

देवबागला आमचं घर, आणि घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या. खोल्यांचं आमचे हे बघतात, जेवणाचं सासूबाई बघतात, आणि मी मालवणच्या शाळेत शिकवते. एक दिवस ह्यांच्या डोक्यात बॉक्सर जातीचा कुत्रा शिरला. राखण करतो, पोरांत रमतो, दिसायला रुबाबदार. गोव्यात पेडण्याजवळ मारियाबाय म्हणून कोणी घरीच बॉक्सर पाळते, तिच्याकडे पिल्लं झालीत, ही बातमीही ह्यांनीच आणली.

पण निवड कोण करणार? अर्थात मी! जन्म गेला पोरं पारखण्यात. पिल्लाची परीक्षा कशी घ्यायची याचे मोबाईलवर इतके व्हिडिओ बघितले की सासूबाई म्हणाल्या, "गो सुलू, कुत्रो हाडतंस काय जावय?"

मारियाबायच्या अंगणात पोचलो. तपकिरी पिल्लांचा नुसता गोंधळ, आणि त्यात एकच पांढरं. ओल्या खोबऱ्यासारखं. मी पर्समधून स्टीलचा डबा आणि डाव काढला आणि पिल्लांच्या पाठीमागे जाऊन जोरात बडवला.

तपकिरी पिल्लं जी उडाली! एक मारियाबायच्या गाऊनखाली, एक क्रूसाच्या चौथऱ्यामागे, एक थेट ह्यांच्या पायजम्यात. आणि पांढरं? त्यानं जांभई दिली.

"हाच!" मी म्हटलं. "काय धीर आहे बघा."

"टीचर," मारियाबाय पांढऱ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्या धव्याचें एक सांगूंक जाय. तो आयकना."

मला हसूच आलं. पोरं ऐकत नाहीत, हे कोणाला सांगतेय ही? "बाय, माझ्या हाताखाली आले की सगळे ऐकतात."

"तशें न्हय, टीचर. तो कोणाचेंच आयकना."

"अगो, ती काय म्हणता ता तरी समजान घे," हे म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका."

मारियाबायनं माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि सोडून दिलं. पिल्लाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. "बरें करून सांबाळा," एवढंच म्हणाली. शिक्षकाचा मान गोव्यात अजून शिल्लक आहे, असं मी परतताना गाडीत ह्यांना ऐकवलं.

सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं खोबऱ्या. मग सुरू झाली शिकवणी. मी त्याच्याशी कटाक्षानं शुद्ध मराठीत बोलायचे, कारण मालवणीत शिस्त लागत नाही, आपली माया लागते. "खाली बस!" म्हणून बोट जमिनीकडे. "थांब!" म्हणून तळहात पुढे. वर्गातली सवय हो, हातवारे केल्याशिवाय मला बोलताच येत नाही. आणि खोबऱ्या? चार दिवसांत बसायला लागला, थांबायला लागला. डोळे सदैव माझ्यावर. असा विद्यार्थी मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

एकच खोड. माझ्या हातात जेवणाची ताटं असली की तो अजिबात जुमानायचा नाही. मी घसा खरवडून "थांब" म्हणायचे आणि हा पुढचे दोन्ही पाय उचलून माझ्या पोटावर गुद्दे मारायचा, वर लाळेचा अभिषेक. मी म्हणायचे, बांगड्याच्या वासानं बहकतो, दुसरं काय!

सासूबाई एकदा कोकमं फोडता फोडता म्हणाल्या, "सुलू, ह्याका आयकाक येणा नाय असा माका वाटता."

"आई, माझं तर सगळं ऐकतो."

"मी मागसून हाक मारलंय तर वळणा नाय तो."

"तुम्ही मालवणीत हाक मारता ना, म्हणून."

मग शेजारी लग्न निघालं. वरात आली, फटाक्यांच्या माळा लागल्या. वाडीतले सगळे कुत्रे किनाऱ्यावरच्या होड्यांखाली जाऊन दडले. आमचा खोबऱ्या पडवीत घोरत होता. बॉक्सर घोरतो तोसुद्धा असा, की पाहुण्यांना वाटावं कोणी इंजिन दुरुस्त करतंय. मी खोल्यांतल्या पाहुण्यांना गोळा करून दाखवलं. "बघा! ह्याला म्हणतात काळीज! डब्याच्या परीक्षेत मी हेच हेरलं होतं." पुण्याच्या एका बाईंनी त्याचा व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवसापासून लोक मला विचारायला यायला लागले, पिल्लू कसं निवडायचं हो बाई? मी प्रत्येकाला डबा वाजवून दाखवत होते!

आणि एक सकाळ अशी आली. घरासमोरच्या वाटेवर माडाच्या सावलीत खोबऱ्या आडवा पसरला होता. मासळीचा टेम्पो रिव्हर्समध्ये मागं-मागं येत होता. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नव्हतं, त्यानं हॉर्न धरून ठेवला होता. मी फाटकातून ओरडले, "खोबऱ्या, ऊठ! अरे ऊठ!" त्याचा कानसुद्धा हलला नाही. हे धावत आले, त्याचे मागचे पाय धरले आणि खेचला. दोघंही वाळूत गडगडले आणि टेम्पोचं चाक सावलीवरून गेलं.

खोबऱ्या उठला आणि खेळ समजून ह्यांचं तोंड चाटायला लागला. पण माझी जीभ कुठे राहते? म्हटलं, "बघितलंत? टेम्पोलासुद्धा भीत नाही!"

देवबागला येऊन पनीर मागणाऱ्या पाहुण्याकडे हे जसं बघतात, तसं माझ्याकडे बघितलं. "गाडयेत बस," म्हणाले. "डॉक्टराकडे जावया."

मालवणच्या जनावरांच्या डॉक्टरांनी खोबऱ्याला टेबलावर बसवलं. माझं व्याख्यान निमूटपणे ऐकून घेतलं, त्याचा स्वभाव, माझी पद्धत, सगळं. मग ते गुपचूप त्याच्या पाठीमागे गेले आणि हातातला स्टीलचा ट्रे फरशीवर टाकला.

मी किंचाळले. बाहेरच्या बाकावरचं मांजर टोपलीतून निसटलं. खोबऱ्या शांतपणे टेबलाची कड चाटत होता.

"बाई, हा जन्मापासून ठार बहिरा आहे," डॉक्टर म्हणाले. "पांढऱ्या बॉक्सरमध्ये हे पुष्कळदा असतं. तो तुमचे हात बघून वागतो. दोरीशिवाय बाहेर सोडू नका, म्हणजे झालं."

घरी येईपर्यंत मी गप्प होते. ह्यांना काळजी वाटली असणार, कारण वाटेत त्यांनी मला शहाळं पाजलं. पोचल्या पोचल्या मी मारियाबायला फोन लावला. "बाय, तुम्ही मला स्पष्ट सांगायला नको होतं?"

"टीचर, हांवें सांगलें न्हय? तो आयकना म्हूण."

"मला वाटलं, ऐकत नाही म्हणजे... सांगितलेलं ऐकत नाही."

मग तिनं फार हळुवारपणे विचारलं, "टीचर, तुमी शाळेंत कितें शिकयता?"

"मराठी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

खोबऱ्याला परत द्यायचा विषय कोणी काढला नाही. आता फाटक बंद असतं, बाहेर जाताना दोरी असते. घरात शिरताना आम्ही पाय आपटतो, म्हणजे पडवीत तो झोपतो त्या फळीला हादरा बसतो आणि तो दचकत नाही. पाहुण्यांना तो सगळ्यात जास्त आवडतो.

आणि सासूबाईंना तर त्याच्यावाचून करमत नाही. दुपारी पडवीत त्याला समोर बसवून घेतात आणि त्याच्याशी तासन्‌तास बोलतात. परवा मी शाळेतून लवकर आले तर माझ्याच आमटीतल्या मिठाचा पाढा चालला होता. खोबऱ्या मान वाकडी करून त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होता.

मी म्हटलं, "आई, अहो त्याला ऐकू येत नाही."

"माका म्हायत आसा गो," त्या म्हणाल्या. "पण माजा बोलणा पुरा होयपर्यंत तोंडाकडे बघीत बसता. तू कधी बसलंस?"