जानेफळच्या ताटातला गूळ

मलकापूरच्या मोटार स्टँडवरून सकाळची बुलढाण्याची गाडी निघाली, तेव्हा कापसाच्या गाड्यांवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. मी जानेफळला व्याह्यांकडे जेवायला निघालो होतो, तेही तीन वर्षांनी. मुलीच्या लग्नाच्या पंगतीत हे गृहस्थ सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मलकापूरचे व्यापारी हो, जिलबी बी तोलून वाढतीन!" सायकलवर सरकीची पोती वाहून दुकान उभं केलेला मी, ते ऐकून घेणार नव्हतो. तेव्हापासून त्यांच्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं. या वेळी त्यांनीच निरोप धाडला, आणि मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, न जेवता उठलात तर मी कुठल्या घरची राहू?"

अडचण वेगळीच होती. नुकताच आमच्या फॅमिली डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहून साखर वाढल्याचं सांगितलं होतं. "गोड बंद. आधी काकडी-मुळा, मग डाळ-उसळ, शेवटी भाकरी, तीही दोनच. जेवून थोडं चाला." मी सवयीने भाव केला, "भाकरी तीन करा. आणि गूळ तरी ठेवा."

"रक्तात उतरला की गूळही साखरच," डॉक्टर म्हणाले. असा एकाच भावाचा माणूस मी बाजारात पाहिला नव्हता. हे मी कोणाला सांगितलं नाही. व्यापाऱ्याने दुखणं दाखवलं की समोरचा भाव पाडतो.

मोताळ्याला रोहिणखेडचे एक चाचा पेरूची टोपली घेऊन शेजारी बसले. घासाघीस करता करता मी तापलो.

"शेठ, भाव करा ना," ते म्हणाले, "पन चेहरा काऊन एवढा कडू?"

पेरू गोड निघाला. एका फळाची मुभा डॉक्टरांनी दिली होती.

राजूरच्या घाटात गाडी वळणं घेत चढू लागली. खालची शेतं धुक्यात विरघळली, आणि आपण चढतोय की तरंगतोय तेच कळेना. पुढे गाड्या बदलत, पेंगत मेहकर गाठलं. तिथून जानेफळच्या वाटेवर खिडकीतून हरभऱ्याची आंबूस हवा येत होती. डोळे मिटले की शेतं चालायची आणि मी जागीच थांबायचो.

जानेफळला ओसरीवर ताट तयार होतं. पुरणपोळी, तूप, गुळवणी.

"घ्या इवाई (व्याही), तोंड गोड करा. झालं गेलं सोडा."

माझा हात पोळीजवळ जाऊन थांबला. मुलगी दारात उभी होती.

"काऊन?" व्याह्यांचा आवाज चढला. "जिलबी अजून डोक्यातच हाय का तुमच्या?"

"साखर निघाली मला!" मी ओरडलो. "डॉक्टरने गोड बंद केलंय!"

आधी विहीणबाई सावरल्या. "अवं माय! पन पुरनात साखर कुठी हाय? घरचा गूळ हाय. गुळानं काई होत नाई."

डॉक्टरांचा गुळाचा भाव मी जसाच्या तसा सांगितला. व्याह्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मले वाटे, तुमी कवाच हारत नाई," ते हळूच बोलले. पोळी त्यांनी स्वतःच उचलून बाजूला ठेवली आणि बायकोला हाक मारली, "भाकर अन् ठेचा आन वं. तोंड तिखट करून समेट करू!"

एक भाकर मोडून त्यांनी अर्धी मला दिली. ठेच्याने दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मुलीच्याही आलं, आणि ती तर अजून जेवायला बसलीही नव्हती.

जेवून आम्ही पांदीने (शेतवाटेने) चालायला निघालो. ऊन मऊ झालं होतं. कुठे मोट नाही, पंप नाही, नुसती शांतता होती.

"इवाईबुवा," ते अचानक म्हणाले, "मले रात्री लय तहान लागते. सारखं उठा लागते. पायाले मुंग्या येतात."

"घरात सांगितलं?"

"तुमी सांगतलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत ते माझ्या शेजारी, खिडकीशी बसले होते. आमच्या डॉक्टरांकडे निघाले होते.

"डाक्टर लय रागावते का हो?"

"माझ्यापेक्षा कमी."

"मंग चालन."

आपण दोघांनी एवढी वर्षं काय काय लपवून ठेवलं, असं माझ्या मनात येत होतं. घाट उतरताना त्यांचा डोळा लागला आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. राग पुरता गेला असं मी म्हणणार नाही. पण मोताळा येईपर्यंत खांदा हलवला नाही.