डॉक्टरांच्या मोटरसायकलचा नवा चिमटा

मी पोलादपूरला नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा तिथल्या डॉक्टरांकडे महायुद्धाच्या काळातली एक मोटरसायकल होती. लष्कराने लिलावात काढलेली, तीन-चार मालक बघून आलेली. खेड्यात एखादी बाई अडली की डॉक्टर पुढे आणि मी मागे, एका अंगाला पाय सोडून, औषधांची पेटी मांडीवर धरून, असे आम्ही निघायचो. लोक सुरुवातीला थांबून बघायचे. पुढे त्यांना सवय झाली. मला मात्र त्या गाडीची सवय झाली नाही.

तिचं पुढचं चाक एका लोखंडी चिमट्यात बसवलेलं होतं आणि हँडलखाली मधोमध एकच जाड स्प्रिंग होती. चिमट्याच्या सांध्यांतले बुश, म्हणजे आतल्या धातूच्या कड्या, पार झिजले होते. खड्डा आला की हँडल डावी-उजवीकडे थडथडायला लागायचं. एका उन्हाळ्यात उमरठच्या रस्त्यावर उतार लागला आणि ते डॉक्टरांच्या हातातून सुटलंच. आम्ही दोघं करवंदीच्या जाळीत पडलो. डॉक्टरांना खरचटण्यावर निभावलं, माझं कोपर निखळलं. महिनाभर हात गळ्यात होता.

हात बरा झाल्यावर मी सांगितलं, "पुढचं चाक नीट झाल्याशिवाय मी मागे बसणार नाही."

"मग चालत या," डॉक्टर म्हणाले. माणूस हुशार, रोग्यांसाठी जीव टाकणारा, पण तापट. दोन वेळा मी खरंच चालत गेले. दुसऱ्या वेळी दोन डोंगर ओलांडून पोचले तेव्हा डॉक्टर एकटेच बाळंतिणीशी झुंजत होते. त्या आठवड्यात त्यांनी गाडी महाडला नेली, आणि मलाही सोबत यायला सांगितलं. जाताना गाडी त्यांनी पायी चालल्यासारखी हळू चालवली, म्हणून मी मागे बसले.

महाडला एक मिस्त्री होता. मूळचा शिवथरच्या खोऱ्यातला शेतकरी, लष्करात गाड्या दुरुस्त करायला शिकून परत आलेला. त्याने चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि मान हलवली.

"बुश नवे टाकून दीन, पन साल काढंल. तुमच्या रस्त्याला ह्यो चिमटा टिकायचा नाय. माज्याकडं नव्या गाडीचा तेलाचा चिमटा हाय. मागची बाजू फुटली तिची, पुडचं सगळं चांगलं हाय. बसवू का?"

डॉक्टरांनी हो म्हटलं. मग मिस्त्री माझ्याकडे वळला. "नर्सबाय, मागं तुमी बसता. तुमाला कसं कळतं बिघडलं ते?"

मला असं कधी कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, हँडल थडथडायच्या आधी माझ्या पायाखालच्या दांडीला झिणझिण्या येतात. त्याने ते नीट ऐकून घेतलं.

जुनी स्प्रिंग काढायच्या वेळी त्याने आम्हाला लांब उभं केलं. दाबून धरलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते, म्हणाला. दातओठ खात तो एकेक आटा सैल करत होता आणि मी श्वास रोखून बघत होते. स्प्रिंग सुटली ती एकदम नाही, कण्हल्यासारखा आवाज करत. मग नवा चिमटा. दोन नळ्या, आत लांब स्प्रिंगा आणि तेल. पण त्याचा मधला दांडा आमच्या गाडीच्या मानेत, म्हणजे हँडल जिथे फिरतं त्या नळीत, सैल बसत होता. मिस्त्रीने लेथवर दोन कड्या करून आणल्या, नवे छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या बारीक गोळ्या, ग्रीसमध्ये बसवले आणि वरचा मोठा नट आवळला. सगळ्याला दोन दिवस लागले.

गाडी देताना तो म्हणाला, "छर्रे आजून बसायचे हायत. पयल्या वीस मैलांनंतर वरचा नट पुन्ना आवळायचा. ह्यो पाना संगं ठेवा." आणि पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे ढकलायची, मानेपाशी बोट लावायचं, खटका लागतो का बघायचं, हे त्याने दोघांना दाखवलं.

पोलादपूरला आलो ते पाण्यावरून आल्यासारखे. डॉक्टर खूश होते. पुढचे दोन दिवस ते आसपासच्या गावांना एकटेच फिरून आले. नट आवळायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उमरठकडचा एक शेतकरी धावतपळत दवाखान्यात आला. बायको पहाटे बाळंत झाली होती. "पोर बरा हाय, पन वार पडली नाय. रगत थांबत नाय, डाक्टर." त्याला मागून यायला सांगून आम्ही निघालो.

डॉक्टर जोरात हाकत होते. नवा चिमटा खड्डे गिळत होता, म्हणून ते आणखी जोरात. चढ संपला, उतार लागला, त्यांनी ब्रेक दाबला, आणि मला पुढून बारीक 'टक' ऐकू आलं. पुढच्या वळणावर पुन्हा. मग पायाखालची दांडी झिणझिणली.

"डॉक्टर, थांबा. मान सैल झालीय."

"तिथे बाई रक्तात पडलीय आणि तुम्हाला आवाज ऐकू येतायत."

"मी उतरते. चालत येते."

"सिस्टर, गप्प बसा."

खाली दरी होती. तिथे पोचायला उशीर झाला तर ती बाई जाईल, हे मलाही कळत होतं. माझ्या भीतीपायी कोणी मेलं तर ते ओझं मी कुठे ठेवणार होते? तरी मी म्हटलं, "आपण दोघं पडलो तर तिच्याकडे कोण जाणार?"

त्यांनी गाडी थांबवली. रागाने लाल झाले होते. ब्रेक दाबून त्यांनी गाडी पुढे ढकलली. मी मानेपाशी बोट लावलं. खटका इतका मोठा होता की बोट चिमटलं. डॉक्टरांनी वरच्या नटाला हात घातला तर तो नुसत्या बोटांनी फिरला. त्यांचा चेहरा उतरला. पाना काढून त्यांनी नट आवळला, घाईत दोनदा पाना घसरला. मी गाडी धरून उभी होते. पाच मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ मला त्या अनोळखी बाईशिवाय काही दिसत नव्हतं.

पोचलो तेव्हा ती पांढरीफटक पडली होती, नाडी जेमतेम लागत होती. मी इंजेक्शन दिलं, डॉक्टरांनी हात घालून आत अडकलेली वार काढली, मी पोट चोळत राहिले. बऱ्याच वेळाने गर्भाशय आवळलं, पोट हाताला घट्ट लागलं आणि रक्त थांबलं. दुपारी तिने पाणी मागितलं.

तिची सासू मला म्हणाली, "लय वाट बगितली गो."

मी काही बोलायच्या आत डॉक्टर म्हणाले, "गाडीचा नट आवळायचा राहिला होता. माझ्याकडून. वाटेत थांबावं लागलं."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे नाही. रविवारी ते महाडला गेले आणि तो नट पुन्हा सैल होऊ नये म्हणून मिस्त्रीकडून त्यावर आणखी एक नट चढवून आणला. त्यानंतर मी चार वर्षं त्या गाडीवर बसले. मी थांबा म्हटलं की ते थांबायचे, कधी कधी उगाचच थांबावं लागायचं, तरीही.