परक्या रानातली काणी

शेळगावजवळ एसटी पंक्चर झाली, तसे माझ्या शेजारचे आबा उतरून थेट रस्त्याकडेच्या उसात शिरले. मी मागोमाग बांधापर्यंत गेलो. कॅन्सरचं इंजेक्शन घेऊन ते बारामतीहून इंदापूरला परतत होते. डोक्यावर केस नसल्यानं टोपी कानापर्यंत आली होती.

उसाच्या एका बेटाला काणी लागली होती. या रोगाचा चाबकासारखा लांब काळा कोंब शेंड्यातून बाहेर आला होता. आबांनी पिशवीतले रिपोर्ट माझ्या काखेत कोंबले. रोग पसरवणारी काळी भुकटी उडू नये म्हणून रिकामी पिशवी चाबकावर हळूच चढवली. बेट उपटायला जोर पुरेना, तेव्हा मलाही आत ओढलं आणि दोघांनी मिळून ते मुळासकट उपटलं.

"रान तुमचं आहे का?" मी विचारलं.

"न्हाय. कुणाचं हाय ठावं न्हाय."

"मग?"

ते हसले. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात मारेकरी पेशी असत्यात. बिघडलेली पेशी दिसली की त्या कुणाच्या हुकमाची वाट बघत न्हाईत, जागच्या जागी मारत्यात. माझ्यातल्यांची एकदा नजर चुकली, म्हणून तर ह्या एसटीच्या वाऱ्या."

चाक बदलून बस सुटली. आबा खिडकीतून लोकांचे ऊस न्याहाळत बसले. इंदापूर येईस्तोवर मीही तेच करत होतो.