हिरव्या व्हॅनला मेण

स्वीडनमधल्या सिल्यान तळ्याकाठच्या आमच्या गावात एप्रिल सरत आला की हिवाळाभर कोठारात झाकलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात, आणि एरवी हवापाण्यापलीकडे न बोलणारी माणसं गाडीच्या रंगाला कोणतं मेण चोळायचं यावरून हमरीतुमरीवर येतात. कडक मेणवाले मऊ मेणवाल्यांच्या घरची कॉफीसुद्धा पीत नाहीत.

गुनव्होर या भानगडीत नव्हती. अठराव्या वर्षी ती बापाशी भांडून गोथेनबर्गला गेली, जन्मभर बस चालवली आणि बाप गेल्यावरच परतली. बापाच्या बेकरीची हिरवी व्हॅन आता तिची होती. ती चकचकीत करून विकायची, एवढंच तिच्या मनात होतं.

त्या व्हॅनच्या दारावर एके काळी ‘हेडेनग्रेन आणि मुलगी’ असं लिहिलेलं होतं. ती जन्मली तेव्हा बापाने स्वतःच्या हाताने रंगवलेलं. ती घर सोडून गेली त्याच आठवड्यात त्याने ‘आणि मुलगी’ पात्याने खरवडून टाकलं, असं आत्याने फोनवर सांगितलं. मग गुनव्होरने पुन्हा गावाचं नाव काढलं नाही. पुढे बेकरी बंद करताना बापाने उरलेलं नावही काढलं. आता दार कोरं होतं, खडू फासल्यासारखं पांढुरकं.

शेजारचा तूरे दोन डबे घेऊन आला. तो गावात अलीकडेच राहायला आलेला, पण रंगातलं त्याला कळे.

“कडक मेण नव्या रंगाला. हा रंग म्हातारा, तहानलेला आहे, याला आधी तेल पाजू, मग मऊ मेण.”

“आयुष्यभर बस धुतल्यात मी.”

“धुणं वेगळं गं. फडकं ठेव, तळहाताने लाव. हाताच्या उबेने वितळतं ते. आणि थोडंच घे, तू पावाला लोणी थापतेस तसं नको.”

तेलाने पांढुरका थर सुटला. गुनव्होर तळहात फिरवू लागली, आणि हिरवा रंग आतून जागा झाला. इतका खोल हिरवा तिने लहानपणीही पाहिला नव्हता. मग त्यात आणखी गडद हिरव्या रेघा उमटल्या. एक ‘ह’. मग पुढची अक्षरं.

“जुन्या अक्षरांची सावली ती,” तूरे म्हणाला. “खालच्या रंगाला ऊन लागलं नाही, म्हणून गडद राहिला. नको असेल तर घासून घालवतो.”

“थांब.” तिने हात पुढे सरकवला. ‘आणि मुलगी’ वर आलं. “तूरे, हे दोन शब्द बाकीच्यांच्या खूप आधी काढले असते तर?”

“तर तिथे ऊन लागून रंग विटला असता. हे बघ ना, सगळं सारखंच गडद आहे. एकाच दिवशी काढलंय.”

बेकरी बंद झाली ती गुनव्होर गेल्यानंतर वीसेक वर्षांनी.

ती तशीच उभी राहिली, मेणाचा हात दारावर ठेवून. वीस वर्षं रोज पहाटे तो माणूस तिला दारावर घेऊन गावभर पाव वाटत हिंडला होता, आणि तिने एकदाही येऊन पाहिलं नव्हतं.