सुनीतानं ट्रॅक्टर चालवला

मित्रांनो, आज सुनीताचा, म्हणजे माझ्या बायकोचा, पन्नासावा वाढदिवस झाला. रावेरजवळ माझ्या मित्राच्या, प्रकाशच्या, केळीच्या मळ्यात आम्ही चार जोडपी भरीत पार्टीला जमलो होतो. आमच्याकडे मळ्यातलं भरीत पुरुष करतात. भाजलेली वांगी ठेचायचं काम माझ्याकडे होतं.

बायका बांधावर गप्पा मारत होत्या. प्रकाशची बायको म्हणाली, "वहिनी, ट्रॅक्टर चालवता का आज?"

दोन वर्षांपूर्वी सुनीता स्कूटीवरून पडली होती. मोडलेला हात जुळला, पण तिनं पुन्हा स्कूटी काढली नाही. ती शिकवते त्या शाळेत तेव्हापासून मीच तिला सोडतो.

"नको, नको!" मी तिथूनच ओरडलो.

"भाऊ, तुम्ही वांगे ठेचा. वहिनीले बोलू द्या," प्रकाशची बायको म्हणाली.

सुनीता उठून ट्रॅक्टरवर चढली. प्रकाशच्या बायकोनं शेजारी बसून क्लच समजावला. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं तेव्हा सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा ट्रॅक्टर हलला. मळ्याच्या टोकापर्यंत जाऊन, वळून, ती सावकाश परत आली. तिची नजर समोरून हलली नाही. इतकी सुंदर ती मला फार दिवसांत दिसली नव्हती.

उतरून ती म्हणाली, "सोमवारपासून शाळेत माझी मी जाईन."

खरं सांगतो, तिला सोडायला जाणं मला आवडायचं. पण पुन्हा चालवायचंय का, हे मी तिला दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

तुम्ही विचारलं असतं?