अर्धाच आयकलेला रेडिओ

जेवता जेवता जाऊबाईच्या तोंडातून फेस आला अन् मी पह्यले तिच्याकडं नाई, माह्या पोरीच्या मुठीकडं पाह्यलं. मुठीत भाकरीचा तुकडा! पोरीच्या तोंडात बोट घातलं, उलटी धरली, पाठीवर थापलं... काईच निंघालं नाई. खाल्लाच नव्हता तिनं. तवर जाऊबाईचे डोये फिरले होते. वरवटच्या दवाखान्यात नेऊन राह्यले होते, अर्ध्या वाटेतच ती गेली. सव्वा महिना झाला. गाव म्हन्ते पटकी झाली.

शेवंताबाई माही मोठी जाऊ. मी चौथी शिकेल, तिनं शाया पाह्यली नाई, पन शेतीचं सारं तिलेच समजे. पंचायतीत रेडिओ आला तवा मानसं ओट्यावर बसत, आमी बाया भिंतीमांगं उभ्या. सरपंच हासले, "काऊन व शेवंते, पेरनी तू करतेस काय?" ती म्हने, "मंग तिफनीमांगं सरत्यात बी कोन सोडते मामाजी, तुमी?" बसेल सारे हासले. आयकलेलं ती चार घरी जाऊन सांगे.

पेरनीच्या आंधी तिले ताप आला. म्हने, "आज तू जाय, नीट आयकून ये." रेडिओतले भाऊ सांगत होते, जवारीच्या बियाले औषधाची पावडर चोया, दाने काये पडनार नाईत. तवढ्यात कडेवरची पोरगी रडाले लागली, मानसं वयून पाहाले लागले. मी शरमून निंघून आली. तवढंच तिले सांगतलं, तिनं चार घरी.

पेरनी झाली, बी उरलं. दाना फेकाचा कसा? तिनं धुतलं, जात्यावर दयलं. त्याची पह्यली भाकर सोताच खाल्ली, घरातली चांगली जवारी माह्यासाठी ठेवली. "अंगावर पाजतेस, तू हे खाय," म्हने...

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शेन आनाच्या बहान्यानं मी भिंतीमांगं गेली. भाऊ तेच पुन्हा सांगत होते. शेवटी म्हने, उरलेलं बी इखारी, धुतलं तरी खाऊ नका, गाडून टाका. चार घरी मडक्यात तेच बी!

पयत सुटली. पह्यल्या घरी म्हनलं, "बी गाडा व माय, रेडिओवर सांगतलं." तिथली म्हातारी म्हने, "रेडिओनंच तं चोया म्हनलं होतं. आता दाना मातीत घालू काय, खुये?" माह्या तोंडून निंघूनच गेलं, "शेवंताबाई सपनात आली. म्हने, ते बी कोनी खाऊ नका." म्हातारी पांढरी पडली. चारी घरचं बी गाडलं गेलं.

आता बाया येतात, तिच्या नावानं ओटी घेऊन. "काल काई बोलली काय व शेवंताबाई?" खरं सांगू तं सासू मले घरात ठेवन काय? मानसं म्हनतीन, बायाले रेडिओ पायजेच काऊन. तुमच्याबी मडक्यात असं बी असन म्हून मासिकाले हे लिवून राह्यली, माहं नाव छापू नका. काल एक बाई तापलेलं लेकरू घेऊन आली. म्हने, दवाखान्यात नेऊ का नको, शेवंताबाईले इचारून सांग... बायाहो, माह्या जागी तुमी काय केलं असतं?