लाल गाडीला काय काय लागलं

आमची लाल गाडी किती महागात पडली हे नवरा आजही पोत्यांत सांगतो. राइस मिलवाल्याला रुपयांपेक्षा धानाचं पोतं लवकर कळतं. एका टायरला इतकी पोती, विम्याला इतकी, असं त्याचं चालू झालं की मी चहा टाकायला उठते. माझा हिशेब वेगळा आहे आणि तो लपवण्यासारखा नाही. मला ती गाडी चालवायची होती.

माझं माहेर सडक अर्जुनीचं. वडिलांचा एकच ट्रक होता, नागपूर-रायपूर करायचा. १९९९ साली, लग्नाच्या आदल्या वर्षी, धान निघून गेलेल्या मोकळ्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, त्यांनी मला तो चालवायला शिकवलं. क्लच इतका जड की पाठ सीटला रेटल्याशिवाय दबायचा नाही. शेजारी बसून वडील ओरडायचे, "पाय अर्धा काऊन ठेवून राहिली? दाबशीन तं पुरा दाब, सोडशीन तं पुरा सोड!" महिन्याभरात मी भरलेला ट्रक मागे घ्यायला लागले. मग लग्न होऊन दवनीवाड्याला आले. सासरी बायका गाडीत बसायच्या, चालवायच्या नाहीत. तशी मनाई कोणी केली नव्हती. मी एकदा जेवताना विषय काढला तेव्हा सगळे पोट धरून हसले, एवढंच. मला आतून फार लागलं. पुढची बारा वर्षं मी स्टिअरिंगला हात लावला नाही.

२०११ मध्ये मिल चांगली चालली आणि नवऱ्याने मुंबईहून ही गाडी आणली. जुनी, विदेशी, दोनच सीटा, इंजिन पाठीमागे. उंची माझ्या कमरेच्या जरा वर. गावाच्या तोंडाशी असलेल्या पहिल्याच ब्रेकरवर तिचं पोट टेकलं आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. शेवटी ट्रॅक्टरने ओढत घरी आणली. मिलच्या फाटकात सासरे उभे होते. मी त्यांना मामाजी म्हणायची. त्यांनी चहूबाजूंनी गाडी पाहिली आणि लेकाला विचारलं, "एवढ्या पैशात गाडी घेतली का पलंग?"

चार महिन्यांत क्लच जळला. जळणारच होता. नवरा पाय अर्धा ठेवून चालवायचा, मी शेजारी बसून सांगायची आणि तो म्हणायचा, "हा ट्रक नोहे." मुंबईचा मेकॅनिक विमानाने नागपूरला आला, तिथून टॅक्सीने आमच्याकडे. चार दिवस राहिला, आमच्याच तांदळाचा भात मागून मागून खाल्ला आणि जाताना जेवणखर्च बिलात लावून गेला.

पण खरा पराक्रम आम्हीच केला. गाडी ठेवायची कुठे? आमच्या लेखी जगातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे मिलचं गोदाम. पक्की भिंत, दोन कुलपं, पाणी गळत नाही. नवऱ्याने गाडी तिथे लावली आणि वर मायेने बारदाना पांघरला. वर्षभराचं धान जिथे ठेवतो तिथे गाडीला काय होणार! गोदामातल्या उंदरांना आम्ही इतके सरावलो होतो की त्यांचा विचार कोणाच्या डोक्यातही आला नाही. पावसाळा संपल्यावर बारदाना काढला तर उंदरांनी आतल्या सगळ्या वायरी कुरतडल्या होत्या, सीटखाली पिल्लं होती आणि हवेच्या जाळीत भुसा ठासून भरला होता. त्या वायरिंगच्या पैशात नवा ट्रॅक्टर आला असता. नवरा गोदामाच्या पायरीवर डोकं धरून बसला. मला हसूही येत होतं आणि त्याची दयाही येत होती.

वायरिंग झालं आणि मामाजींनी फर्मान काढलं. आमच्या मिलचं निम्मं धान इटियाडोह धरणाच्या पाण्यावरचं. म्हणून दर कार्तिकात, नवं धान मिलमध्ये यायच्या आधी, ते धरणावर जाऊन नारळ फोडायचे. ते म्हणाले, "औंदा हे गाडी इटियाडोहले जाईन आणि वापस येईन. दोरी लागली, ट्रॅक्टर लागला, तं दुसऱ्या दिवशी विकून टाकाची." रायपूरचं एक गिऱ्हाईक भाव पाडून टपलेलंच होतं. गाडी गेली की माझी आशाही गेली, हे मला एकटीलाच माहीत होतं.

लाल गाडीत आम्ही दोघं, मागे जीप चालवत मामाजी स्वतः, आणि जीपमध्ये लाकडी फळ्या. ब्रेकर आला की मी उतरून फळ्या लावायची, गाडी पार झाली की उचलून जीपमध्ये टाकायची. नवरा प्रत्येक ब्रेकरनंतर खाली उतरून, वाकून, गाडीचं पोट खरचटलं का ते बघायचा. जाताना सव्वीस ब्रेकर लागले आणि तो सव्वीस वेळा वाकला. धरणावर नारळ फुटला, पाणी काठोकाठ होतं, मामाजी खूश होते. परतताना सडक अर्जुनी आली, माझ्या माहेरचं गाव, ढाब्यासमोरचा उंच ब्रेकर. नवरा वाकला आणि तसाच राहिला. कंबर धरली होती. दोन ट्रकवाल्यांनी त्याला तसाच उचलून जीपच्या मागच्या सीटवर आडवा केला.

तिथूनच तो कण्हत म्हणाला, "बाबूजी, ट्रॉली बोलवा. हारलो."

मी त्याच्या खिशातून किल्ली काढली. मामाजी बघतच राहिले. "काऊन बाई? तुले येते का?"

"याच गावात ट्रक शिकली मी, मामाजी. तुम्ही मागून या."

मनात भीती होती, खोटं कशाला सांगू. बारा वर्षांत पाय विसरला असेल तर? बसले, पाठ सीटला रेटली, क्लच दाबला. जड होता, थेट वडिलांच्या ट्रकइतका जड. नवऱ्याला जो क्लच कधी जमला नाही तो माझ्या पायाने ओळखला. पुरा दाबला, पुरा सोडला, आणि गाडी एकही झटका न देता हायवेवर आली. पाठीमागचं इंजिन गरजलं आणि मी एकटीच मोठ्याने ओरडले.

फळ्या लावायला आता कोणी नव्हतं, म्हणून प्रत्येक ब्रेकर तिरपा घेतला. एकेक चाक चढवायचं, एकेक उतरवायचं, ट्रकवाले खड्ड्यातून काढतात तसं. एकदाही पोट टेकलं नाही. मामाजींची जीप मागे राहिली, तेव्हा थांबून वाट पाहिली.

दवनीवाड्याच्या अलीकडे रस्त्यावर धानाची चुरणी चालली होती. पेंढ्या डांबरावर पसरायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली दाणा मोकळा होऊ द्यायचा, ही आमच्याकडची रीत. पण इतक्या खालच्या गाडीखाली, तापलेल्या इंजिनाला कोरडं तणस लागलं असतं तर गाडीही गेली असती आणि त्यांचं धानही. मी थांबले, पदर खोचून उतरले आणि त्या बायकांसोबत स्वतः पेंढ्या बाजूला ओढायला लागले. एक म्हातारी माझ्याकडे आणि रिकाम्या सीटकडे आळीपाळीने बघत होती.

"चालवणारा कुठी गेला, बाई?"

"मीच हावो."

तिने पेंढी हातातून टाकली आणि बाकीच्यांना हाक मारली, "हटा वं सगऱ्या! बाईले जाऊ द्या!" पेंढ्या भराभर दोन्ही कडेला गेल्या. मधून मी पहिल्या गिअरमध्ये गाडी काढली तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

मिलच्या फाटकात मी इंजिन बंद केलं. मामाजी जीपमधून उतरले. आडव्या पडलेल्या लेकाला म्हणाले, "ट्रॅक्टर लागला नाही. गाडी राहू दे." मग म्हणाले, "आणि किल्ली सुनेजवर राहू दे."

पाच वर्षांनी गाडी विकली, घेतल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात. नवरा त्या तोट्याचीही पोती करतो. करू दे. त्या इटियाडोहनंतरच्या कार्तिकात नवं धान आणायला मिलचा ट्रक निघाला, तेव्हा मी जेवताना म्हटलं, मी नेते. कोणी हसलं नाही. मामाजींनी फक्त विचारलं, सकाळी किती वाजता निघशील.